विल्यम्स सिंड्रोम, वय ९: ‘अनोळखी माणूस’ म्हणजे काय, हे मुलाला शिकवायचं कसं?

रामबागची_आई | मंगळवार, रात्री ११:४८

नमस्कार. इथे पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

आम्ही इंदूरचे, रामबागेत राहतो. मुलगा नऊ वर्षांचा. घरात त्याला गोटू म्हणतात, इथेही तेच म्हणते. तो तीन वर्षांचा असताना विल्यम्स सिंड्रोम (जन्मतःच असणारी जनुकीय स्थिती) असल्याचं कळलं. त्याआधी एका डॉक्टरांनी ऑटिझमची शंका घेतली होती आणि दुसऱ्यांनी "इतका गप्पिष्ट मुलगा, ह्याला कसला आलाय ऑटिझम" म्हणून परत पाठवलं होतं. मग एकदा साध्या खोकल्यासाठी नेलं तर छातीत मर्मर (हृदयाचा जादा आवाज) ऐकू आली. इको केला, महाधमनी हृदयातून निघते तिथेच जरा अरुंद निघाली. हृदयाच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवला, गोटूकडे दोन मिनिटं नुसतं बघितलं आणि विचारलं, "हा सगळ्यांकडे असाच जातो?" गोटू तोवर त्यांच्या मांडीवर बसून त्यांच्या खिशातलं पेन काढत होता. पुढे फिश टेस्ट (गुणसूत्रांची तपासणी), सातव्या गुणसूत्राचा एक तुकडा गायब, वगैरे. ते आता पाठ झालंय.

आता प्रश्न. गेल्या अनंत चतुर्दशीला झांक्या (मिरवणुकीतले दिव्यांचे देखावे) बघायला गेलो होतो. ढोल तीन गल्ल्या लांब असला तरी गोटूला आमच्या आधी ऐकू येतो आणि तो कान दाबून खाली बसतो. पण दिवे त्याला बघायचेच असतात, म्हणून कानांवर ते मोठे मफ चढवून नेतो. गर्दीत हात सुटला. पस्तीस मिनिटं. त्या पस्तीस मिनिटांबद्दल मी लिहिणार नाही. सापडला तो एका बांगड्यांच्या दुकानात, गल्ल्याशेजारी स्टुलावर, हातात कचोरी. दुकानदार अगदी सज्जन माणूस. गोटूने त्याला बाबांचं नाव, ऑफिस आणि फोन नंबर सांगितला होता (ते बरंच झालं). त्याचबरोबर आईला थायरॉइड आहे, तात्या दुपारी घरी एकटेच झोपलेले असतात आणि जास्तीची किल्ली तुळशीच्या कुंडीखाली असते, हेही सांगून झालं होतं. दुकानदार हसत हसत मला म्हणाला, "भाभीजी, चाबी की जगह बदल लीजिए."

घरी आल्यावर आधी किल्ली हलवली, मग रडत बसले.

दुसरी गोष्ट ह्याहून जास्त टोचते. गल्लीत गोटूला ओळखत नाही असा माणूस नाही. भाजीवालीच्या नातवाचं बारसं कधी आहे ते मला त्याच्याकडून कळतं. पण वर्गातल्या एकाही मुलाच्या वाढदिवसाचं बोलावणं आजवर आलेलं नाही. मुलं खेळत असली की हा मध्ये जातो आणि एकेकाच्या तोंडाला तोंड लावल्यासारखा उभा राहून विचारतो, "तू रागावलास का? तू रागावलास का?" मागच्या महिन्यात दोघांनी त्याला सांगितलं, मोठ्या बाईंच्या खुर्चीत जाऊन बस, त्या तुला चॉकलेट देतील. बसला. सगळे हसले म्हणून हाही हसला. घरी येऊन मला म्हणतो, "आई, आज मी सगळ्यांना खूप हसवलं."

शाळेचं म्हणणं, घरात लाड फार होतात, शिस्त नाही.

आता अडचण अशी की आधीच तो शंभर गोष्टींना भितो. लिफ्ट, फुगे, इंजेक्शन, कुकरची शिट्टी. रविवारी मामाकडे जायचं ठरलं की गुरुवारपासून चाळीस वेळा विचारतो, नक्की जायचंय ना. अशा मुलाला "वाईट माणसं पळवून नेतात" म्हणून सांगितलं तर आठवडाभर झोपणार नाही. नाही सांगितलं तर कोणीही "चल" म्हटलं की हा निघाला. तुमच्यापैकी कोणी ह्यातून गेलंय का? नेमकं काय केलंत?

---

मालव्याचा_माणूस | बुधवार, सकाळी ७:१५

ताई, मन छोटं करू नका. इंदुरात अनोळखी असतो तरी कोण? सकाळी पोह्याच्या ठेल्यावर उभं राहा, दहा मिनिटांत शेजारचा माणूस आपल्या मुलीचं लग्न कुठे अडलंय ते सांगतो. तुमचा गोटू अस्सल इंदुरी निघाला, इतकंच. देवाचं लेकरू आहे ते. कपट माहीत नाही, हेवा माहीत नाही. आम्हाला जे साठ वर्षांत जमलं नाही ते ह्याला जन्मतः आलंय. शिकवून शिकवून त्याला आपल्यासारखं संशयी करू नका असं मला वाटतं. मोठा झाला की आपोआप समजेल. किल्लीची जागा बदललीत ते उत्तम केलंत.

---

पोळपाट_लाटणं | बुधवार, दुपारी ३:०२

काका, भावना पोचल्या. पण मोठं झालं की आपोआप समजतं, हे मला मान्य नाही. माझी मुलगी चोवीस वर्षांची आहे, तिलाही विल्यम्स आहे आणि ते आपोआप समजलेलं नाही. पापडाच्या एका युनिटमध्ये पॅकिंगला जायची. तिथल्या एकाने तीन महिन्यांत तिचे सहा हजार रुपये ‘उधार’ नेले. का दिलेस म्हणून विचारलं तर म्हणाली, "तो किती छान हसतो, आई." देवाचं लेकरू म्हटलं की लोक दोन गोष्टी करतात, गाल ओढतात आणि जबाबदारी सोडतात. म्हणून तो शब्द मी घरात चालू देत नाही. राग मानू नका.

रामबागची_आई, आता तुझ्याशी बोलते. अगं-तुगं करतेय, वयाने बरीच मोठी आहे.

मी बँकेत बत्तीस वर्षं काढली, त्यातली निम्मी कॅशवर. खोटी नोट आली की बोटांना कळायचं, डोळ्यांच्याही आधी. नव्या पोरांना मी शिकवायला जायचे आणि ते शिकवता यायचं नाही. माझ्या लेकीच्या बोटांना ती जाणीवच नाही. तिच्या हातात आलेली प्रत्येक नोट खरी. बरीच वर्षं मी तिला माणसं ‘ओळखायला’ शिकवत बसले: हा चांगला दिसतो का, हा कसा बघतो, ह्याचा आवाज कसा आहे. सगळं वाया. ती उत्तर द्यायची तेही माझ्या चेहऱ्याकडे बघून, मला काय हवंय ते ताडून.

वाचता वाचता कारण हळूहळू कळत गेलं. २००५ साली मेयर-लिंडेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास छापला होता. विल्यम्स असलेल्या माणसांना रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवले तर मेंदूतला अमिग्डाला, म्हणजे धोक्याची घंटा वाजवणारा भाग, इतरांपेक्षा कमी जागा होतो. आणि चेहरे नसलेली धोक्याची दृश्यं दाखवली तर उलट इतरांपेक्षा जास्त जागा होतो. हे वाचलं त्या दिवशी मला माझी पोर दिसली. फुग्याला भिणारी आणि माणसाला न भिणारी. तुझा गोटूही तसाच ना? ह्या मुलांची नजर चेहऱ्यावरून हटत नाही, पण चेहऱ्यामागचा हेतू वाचता येतोच असं नाही. माणसं आवडणं वेगळं आणि माणसं कळणं वेगळं. आपण आई-बाप पहिलं बघून दुसरं धरून चालतो.

दोन बाहुल्यांची एक चाचणी असते, बघितली असशील. एक बाहुली गोटी टोपलीत ठेवून बाहेर जाते, दुसरी ती काढून डब्यात टाकते. पहिली परत आल्यावर कुठे शोधेल? ऑटिझमच्या संदर्भात ही १९८५पासून गाजली. माझ्या पोरीला अकराव्या वर्षी विचारलं. ती म्हणाली, "डब्यात. ती चांगली आहे ना, तिला कळेल." आपल्याला माहीत असलेली गोष्ट दुसऱ्याला माहीत नसते, हेच जिला जड जातं, तिला दुसरा खोटं बोलतोय हे कुठून कळणार? खुर्चीचा तुझा किस्सा नेमका तिथेच बसतो. बाकी तो किस्सा म्हणजे मस्करी नाही, छळ आहे. शाळेला लेखी दे. तोंडी सांगितलेलं विसरतात.

(आमच्या ह्यांनी २०१७ मध्ये एक बातमी मोठ्याने वाचून दाखवली होती. कुत्री लांडग्यांपेक्षा माणसाळलेली का, ह्याचा शोध घेताना विल्यम्समध्ये जो तुकडा गळतो त्यातल्याच दोन जनुकांपाशी फरक सापडले. मी दोन दिवस ह्यांच्याशी बोलले नाही. पण संशोधन खरं आहे.)

मग केलं काय? आधी रांगोळीची वर्तुळं. ओट्यावर खडूने एकात एक पाच रिंगणं काढली, मध्ये ती, मग घरचे, मग शेजारी, असं बाहेर बाहेर. फोटो कापून दिले, ठेव म्हटलं. तिने सगळे फोटो मधल्या रिंगणात रचले. दूधवाला, बस कंडक्टर, पेपरातले राष्ट्रपतीसुद्धा. "सगळे माझेच आहेत." मी डोकं धरून बसले.

मग सुचलं. कॅशियरला नोट ओळखता आली नाही तरी बँक बुडत नाही, कारण काउंटरला नियम असतात. मोठी रक्कम दोन सह्यांशिवाय बाहेर जात नाही. समोरचा माणूस कितीही गोड असो, ओळखीचा असो, रडत असो. तिथे माणूस बघायचाच नाही, काम बघायचं. तेच घरात आणलं.

तीन खिडक्या केल्या. नमस्काराची खिडकी सगळ्या जगाला उघडी, तिथे अडवायचं नाही. मिठी मारू नकोस म्हणून हात रिकामा ठेवला की ती बेचैन व्हायची, हात जोडले की निम्मी भूक भागते. आपल्याकडे नमस्कार आहे हे किती सोयीचं आहे ते मला तेव्हा कळलं. दुसरी खिडकी हात मिळवायची, ठरलेल्या लोकांसाठी. तिसरी मिठीची, त्यात सात माणसं, सातांचे फोटो फ्रिजवर. आणि चार कामं दोन सह्यांची: कोणाबरोबर कुठे जाणं, कोणाच्या गाडीत बसणं, काही देणं, काही घेणं. एक सही तिची, दुसरी आईची, बाबांची किंवा मावशीची. दुसरी सही नसेल तर म्हणायचं वाक्य एकच, "आईला विचारून येते." हे वाक्य आम्ही आरतीच्या चालीत बसवलं. चालीत बसवलेलं ती विसरत नाही. ह्यात भीती घालावी लागत नाही, कोणी वाईट असावा लागत नाही. दुसरी सही नाही, इतकंच.

एक ठोकर आधीच सांगून ठेवते. घरात विचारलं की ती शंभरापैकी शंभर. मग माझ्या बँकेतल्या एका मैत्रिणीला, जिला ती ओळखत नव्हती, देवळाच्या फाटकाशी उभं केलं. "चल गं, आईस्क्रीम खाऊ." निघाली! मागे वळूनही बघितलं नाही. सांगता येणं म्हणजे करता येणं नव्हे. अमेरिकेत विल्यम्स असलेल्या मोठ्या माणसांना असंच शिकवून पाहिलं, त्यातही आधी बहुतेक जण अनोळखी माणसाबरोबर निघाले होते आणि शिकवल्यावर नाही म्हणणारे बरेच वाढले. म्हणजे जमतं. पण फाटकाशी, दुकानात, रिक्षा स्टँडवर, वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या माणसांकडून करून घ्यावं लागतं. आम्हाला सात फेऱ्या लागल्या.

आणि नातेवाईकांना आवर. आपण नियम शिकवायचे आणि हळदीकुंकवाला आलेली मावशी म्हणणार, "ये, पापी दे." मी दारातच सांगते, नमस्कार करा, गाल ओढू नका. दोन घरांशी ह्यापायी बोलणं कमी झालंय. झालं तर झालं.

मैत्रीचं म्हणशील तर मोठी माणसं सांभाळून घेतात, म्हणून ह्यांची मोठ्यांशी जमते. मुलं सांभाळून घेत नाहीत. क्रिकेटमध्ये ढकलू नकोस. चेंडू कुठून येतोय, आपण कुठे उभं राहायचं, हे अंतराचं गणित ह्या मुलांना फार जड जातं. माझी पोर घर काढायची ते दार एका कोपऱ्यात, खिडकी दुसऱ्या, भिंतच नाही. एकच मूल बोलाव, एकच तास, आणि हाताला सुराचं किंवा तालाचं काही दे. तिची आजची एकुलती एक मैत्रीण पेटीच्या क्लासमधली आहे. एक आहे. पुरते.

---

देवास_नाका | बुधवार, रात्री १०:२०

पोळपाटताई, सह्यांची कल्पना उचलतोय, उलट्या कामासाठी.

आमच्याकडे फ्रॅजाइल एक्स. मुलगा चौदा वर्षांचा. एक्स गुणसूत्रावर एफएमआर-१ नावाचं जनुक आहे, त्यात सीजीजी ही तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. २००च्या वर गेली की जनुक बंद पडतं आणि त्याचं प्रथिन बनत नाही. आमच्या चिरंजिवांचं बंद आहे.

लोक म्हणतात माणूसघाणा आहे. तसं नाही. त्याला माणसं हवी असतात, चेहरे सोसत नाहीत. लग्नात कोणी भेटलं की हात पुढे करतो आणि मान भिंतीकडे वळवतो. हात समोरच्याच्या हातात, अंग दाराकडे. सुरुवातीला मी ओरडायचो, "नीट बघून बोल." किती चूक करत होतो ते नंतर समजलं. बघायला लावलं की त्याचे हात फडफडायचे, एकच वाक्य दहा वेळा यायचं, शेवटी स्वतःचा हात चावायचा. आजही मनगटाजवळ घट्टा आहे.

सुधारणा झाली ती पोह्याच्या दुकानात. रोज सकाळी तिथे जातो, दुकानदाराकडे पाठ करून हात मागे करतो, दुकानदार हातात प्लेट ठेवतो. जिरावन जास्त, शेव कमी. एक दिवस तो दुकानदारही पाठमोराच बोलायला लागला, कढईकडे बघत. आणि आमचा मुलगा पाच मिनिटं बोलला! कोणता ट्रक कुठे बंद पडला, सगळं. तेव्हापासून मी त्याला स्कूटरवर मागे बसवतो आणि बोलतो. स्कूटरवर त्याचं जितकं ऐकलं तितकं घरात समोरासमोर कधी ऐकलं नाही.

आणखी एक, कोणाच्या तरी कामी येईल. सासऱ्यांचे हात साठीनंतर थरथरायचे, चालताना तोल जायचा. पार्किन्सन म्हणून औषधं चालू होती. मुलाचं निदान झाल्यावर घरच्यांच्या तपासण्या झाल्या तेव्हा कळलं, सासरे प्रीम्युटेशनचे वाहक, म्हणजे ५५ ते २०० आवर्तनंवाले, आणि थरथर त्याचीच. बापाकडून ते प्रत्येक मुलीकडे जातं. माझ्या बायकोला दोन बहिणी आहेत. सांगायला आम्हाला वर्ष लागलं, त्याची अजून लाज वाटते.

रामबागच्या ताई, तुमच्या मुलाला आणि माझ्या मुलाला एकदा भेटवायला हवं. एकजण तोंडात तोंड घालणार, दुसरा भिंत शोधणार.

---

निरीक्षण_वही | गुरुवार, सकाळी ९:३५

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, मुलांबरोबर काम करते. वरचं बहुतेक बरोबर आहे, थोडी भर घालते.

शाळेच्या ‘लाड’बद्दल आधी. ह्या मुलांचं बोलणं त्यांच्या समजेच्या पुढे धावतं. गोटू शब्द मोठे वापरतो, म्हणून शिक्षकांना वाटतं समज तेवढीच आहे आणि मुद्दाम करतो. शिक्षकांना एक पानभर लिहून द्या: काय जमतं, काय जमत नाही, बेल वाजायच्या आधी त्याला का सांगावं. पान एकच असू द्या, दहा पानं कोणी वाचत नाही.

गप्पिष्ट आहे म्हणून ऑटिझम नाही, हा तर्क चालत नाही. विल्यम्ससोबत ऑटिझम असू शकतो. एडीएचडी (लक्ष न टिकणं, अति चळवळ) तर बऱ्याच जणांत दिसतो. चिंता हा वेगळा आजार धरून त्यावर उपचार करता येतात, ‘स्वभावच तसा’ म्हणून सोडू नका. चाळीस वेळा विचारणं भिंतीवरच्या चित्रांच्या कॅलेंडरने पुष्कळ कमी होतं. उत्तर तुम्ही द्यायचं नाही, कॅलेंडरकडे बोट दाखवायचं.

गंमत म्हणून एक: जो तुकडा विल्यम्समध्ये गळतो (सुमारे २५ ते २८ जनुकं), तोच एखाद्यात दुप्पट झाला तर मूल उशिरा बोलतं, आईला सोडत नाही, परक्यांसमोर बुजतं. तुकडा तोच, फक्त मात्रा बदललेली. शिस्तीची व्याख्यानं देणाऱ्यांना मी हे मुद्दाम सांगते.

तब्येतीचं विसरू नका. रक्तदाब दर वर्षी, कॅल्शियम अधूनमधून, आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या-सॅशे डॉक्टरांना विचारल्याशिवाय बिलकुल नाही. दात काढायला जरी गुंगी द्यायची झाली तरी भूलतज्ज्ञाला विल्यम्स आणि महाधमनीचं आधी सांगा, ह्या मुलांना भुलीत धोका जास्त असतो.

आणि बौद्धिक दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढून ठेवा. पोळपाटताई, तुमचं कायदेशीर पालकत्व झालंय ना? अठरा पूर्ण झाली की आई-वडील आपोआप पालक राहत नाहीत.

---

पोळपाट_लाटणं | गुरुवार, सकाळी ११:१०

झालंय. जिल्हाधिकाऱ्यांच्या लोकल लेव्हल कमिटीपुढे. सहा हजारांच्या प्रकरणानंतर शहाणपण आलं.

---

मालव्याचा_माणूस | गुरुवार, दुपारी १:४०

मी राग मानला नाही ताई. सहा हजारांचं वाचून गप्प बसलो होतो. माझ्या भावाच्या नातीला डाउन सिंड्रोम आहे. तिला मी भेटलो की पहिलं वाक्य "काकाआजोबांना पापी दे" हेच असतं. रविवारी जाणार आहे. नमस्कार करेन.

---

रामबागची_आई | तीन आठवड्यांनंतर, शनिवार, रात्री १०:०५

सगळ्यांचे आभार. सांगते काय झालं ते.

खिडक्या केल्या. गोटूने मिठीच्या खिडकीसाठी पहिली यादी दिली ती एक्केचाळीस जणांची. दोन दिवस वाटाघाटी चालल्या. नऊवर आलो. बांगडीवाल्याला मिठीत घ्यायचंच म्हणून अडून बसला, शेवटी त्याला हात मिळवायच्या खिडकीत बसवलं. मग आम्ही मुद्दाम दुकानात गेलो. गोटूने हात पुढे केला आणि गंभीरपणे सांगितलं, "आता तुम्ही दुसऱ्या खिडकीत आहात." त्या बिचाऱ्याला काही कळलं नाही, पण त्याने दोन्ही हातांनी हात धरला.

‘आईला विचारून येतो’ला त्याने स्वतःच चाल लावली, कचरागाडीच्या गाण्याची. इंदुरात राहून दुसरं काय होणार. आता सकाळी कचरागाडी आली की सगळी गल्ली "आईला विचारून येतो" म्हणते.

पोळपाटताईंनी त्यांच्या मैत्रिणीला बागेच्या फाटकाशी पाठवलं. पहिल्या वेळी तो गेला. माझे पाय गळाले, माहीत असूनसुद्धा. दुसऱ्या वेळी वाक्य म्हणाला आणि तरीही गेला! काल तिसरी वेळ. त्याने वाक्य म्हटलं, पळत माझ्याकडे आला, माझी ओढणी धरून मला ओढत त्यांच्यापुढे नेलं आणि त्यांना म्हणाला, "आईची सही नाहीये. पण तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. तुमच्या गुडघ्याला काय झालंय?" त्यांच्या गुडघ्याला पट्टा होता, माझं लक्षही गेलं नव्हतं. दहा मिनिटं गुडघ्यावर बोलणं झालं.

शाळेला लेखी दिलं. एक पानच दिलं. वर्गशिक्षिकेने वाचलं आणि बेलच्या आधी त्याला खूण करायला लागल्या आहेत. मोठ्या बाईंचं उत्तर अजून नाही.

देवास_नाका दादा, उद्या सकाळी साडेआठला आपल्या त्या पोह्याच्या दुकानात यायचं नक्की करतोय. गोटूला तुमच्या मुलाबद्दल सांगितलं, की त्या दादाला चेहऱ्यात बघितलेलं आवडत नाही. गोटूने बराच वेळ विचार केला. मग विचारलं, "त्याच्या पाठीला नमस्कार केला तर चालेल का?"

कॅलेंडरवर पोह्यांची प्लेट काढून ठेवलीय. गुरुवारपासून बोट दाखवतेय.